केजीएफ मेलेलं नाही, ते रोज पहाटे गाडी पकडून कामावर जातं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे पर्यटनाच्या पानावर कोलार गोल्ड फील्ड्सवर, म्हणजे केजीएफवर, कर्नाटकातल्या त्या जुन्या सोन्याच्या खाणींच्या गावावर लेख आला होता. सोनं संपलं, गाव संपलं, आता तिथे फक्त वारा वाहतो असा एकूण सूर. फोटो पण तसेच निवडलेले, खाणीच्या तोंडावरचं गंजलेलं हेडगियर, काचा फुटलेला बंगला, ते राखाडी सायनाइडचे डोंगर. त्या 'केजीएफ' सिनेमानंतर सगळ्यांना केजीएफ म्हणजे एवढंच वाटतं. राग नाही आला पण राहवलं नाही म्हणून लिहितोय. पत्र लांबेल, कुठे कापायचं असेल तिथे कापा, फक्त रेल्वेचा भाग तेवढा ठेवा.

मी वरोऱ्याचा. नोकरी सगळी कोळशाच्या खाणीत, सर्व्हे सेक्शनला, त्यामुळे अंडरग्राउंड पण बघितलंय आणि ओपनकास्ट, म्हणजे वरून उघडी खणायची खाण पण. मुलगी-जावई बंगळूरला व्हाइटफील्डला असतात म्हणून तिकडे जाणं होतं आणि गेलो की घरचे मॉल दाखवायला नेतात आणि मी मारिकुप्पमची, म्हणजे केजीएफच्या शेवटच्या स्टेशनाची गाडी बघत बसतो, त्यावरून घरात थट्टा पण होते, असो.

तर पहिली गोष्ट, केजीएफ ओस पडलेलं नाहीच. दीड लाखाच्या वर वस्ती आहे तिथे. रॉबर्टसनपेटच्या बाजारात संध्याकाळी स्कूटर लावायला जागा मिळत नाही. ओस पडल्यात त्या खाणी, आणि खाणीचं ऑफिस, क्लब, साहेबांचे बंगले. लोक तिथेच आहेत. कंपनीने मजुरांसाठी बांधलेल्या लाइनी, म्हणजे एका ओळीत चिकटून असलेली एका-दोन खोल्यांची घरं, त्यात आजही त्याच कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी राहते. घर नावावर करून द्या म्हणून त्यांची मागणी कितीतरी वर्षं चालू आहे. फोटो काढणारे त्या लाइनींकडे वळत नाहीत कारण तिथे दोरीवर कपडे वाळत असतात आणि पोरं क्रिकेट खेळत असतात, मग भुताटकी कशी दाखवणार.

आणि ही माणसं पोट कशावर भरतात? तर बंगळूरवर. पहाटे अंधार असतानाच मारिकुप्पमहून गाड्या सुटायला लागतात. मारिकुप्पम, चॅम्पियन, उरगाम, कोरोमंडल असं करत बंगारपेट आणि तिथून मेन लाइनने मालूर, व्हाइटफील्ड, के आर पुरम, कॅन्टोन्मेंट, बंगळूर. हजारो माणसं रोज जातात आणि रात्री परत येतात. सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंगच्या बायका, कारखान्यातले फिटर, मॉलमधले सेल्समन, आयटीतली पोरं-पोरी, कॉलेजची मुलं, नर्सा. एका बाजूचा प्रवास दोन-अडीच तासांचा. स्वर्णा म्हणून जी गाडी आहे तिच्या नावातच काय ते सोनं उरलंय असं डब्यातलेच लोक म्हणतात. डब्यात पत्ते चालतात, इडलीचे डबे उघडतात, कुणी उभ्या उभ्या झोपतं. मुंबईच्या माणसाला कर्जत-कसारा लोकल माहितीये तर हे त्याच जातीचं आहे पण इथे एका गावाचं अख्खं भांडं रेल्वेच्या ह्या एका फाट्यावर शिजतंय, दुसरं काही नाही.

आता हा फाटा आला कुठून ते बघा म्हणजे माझं म्हणणं कळेल.

सोन्याची गोष्ट सगळे वॉरनपासून सुरू करतात. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू गेला, मग म्हैसूर राज्याच्या हद्दी मोजायचं काम निघालं, त्या मोजणीत लेफ्टनंट जॉन वॉरन हा इकडे आला आणि १८०२ मध्ये गावकऱ्यांनी त्याच्यासमोर माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखवले. म्हणजे बघा, गावकरी आधीपासून काढतच होते, जुनी बिळं, जुन्या खाणी तिथे होत्याच, पण पुस्तकात नाव वॉरनचं. (मोजणीवाल्यांचं नाव कुठेतरी आलं म्हणून मी जास्त बोलत नाही, आमच्याच धंद्यातला माणूस.) त्यानंतर बरीच वर्षं किरकोळ खटपटी झाल्या. मग मायकेल फिट्झगेराल्ड लवेल म्हणून एक आयरिश सैनिक, न्यूझीलंडला माओरी लोकांशी जी लढाई झाली तिथून येऊन बंगळूर कॅन्टोन्मेंटला राहिलेला, तो १८७१ मध्ये वॉरनचा रिपोर्ट वाचून बैलगाडीने इकडे आला, फिरला, आणि १८७५ ला म्हैसूर सरकारकडून खोदायचा परवाना मिळवला. पैसा त्याच्याकडे नव्हता त्यामुळे हात बदलत बदलत १८८० च्या सुमारास ते लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सकडे गेलं आणि मग खरी खाण सुरू झाली. बंगळूरला जो उंची हॉटेलांचा लवेल रोड आहे तो ह्याच माणसाच्या नावाचा, तिथे कॉफी पिणाऱ्या किती जणांना माहीत असेल कुणास ठाऊक.

इंग्लंडातल्या कॉर्नवॉलमधून कथिलाच्या खाणीतले अनुभवी लोक आणले. मजूर आणले ते शेजारच्या तमिळ मुलखातून, उत्तर अर्काट, सेलम, धर्मपुरीकडचे, आणि चित्तूरकडचे तेलुगू. दुष्काळाने आणि गावातल्या जातीने पिळलेले लोक, बहुतेक दलित. म्हणून आज कर्नाटकात असूनही केजीएफमध्ये कानावर जास्त पडते ती तमिळ. भरात असताना ३० हजारांच्या आसपास माणूस खाणीवर होता. म्हैसूर, चॅम्पियन रीफ, उरगाम, नंदीदुर्ग ह्या मोठ्या खाणी. चॅम्पियन रीफ खाली गेली ३ किलोमीटरच्या वर, ३.२ किलोमीटर, जगातल्या सगळ्यात खोल खाणींपैकी एक. आमच्याकडे अंडरग्राउंड कोळसा खाण दोनशे-तीनशे मीटर गेली तरी आम्ही खोल म्हणतो. तिथे तळाला दगडाचं तापमान ६० अंशाच्या वर, वरून गार हवा सोडायला मोठं प्लांट बसवलेलं. आणि रॉक बर्स्ट. खालचा खडक दाबाने एकदम फुटायचा, वर गावात घराच्या भिंतींना हादरा बसायचा, आणि बायका उठून शाफ्टकडे, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या विहिरीकडे पळायच्या की आपला माणूस शिफ्टला होता का. हे मला तिथल्या एका रिटायर्ड माणसाने स्टेशनच्या बाकड्यावर बसून सांगितलं, त्याला हिंदी येत नव्हती मला तमिळ, मोडक्या इंग्रजीत चाललेलं, पण शाफ्ट, केज, शिफ्ट, विंच, स्टोप हे शब्द दोघांचे सारखेच, अर्धं बोलणं त्यातच झालं. त्याची छाती वाजत होती बोलताना. सिलिकोसिस. दगडाची धूळ.

ह्या सगळ्या उठाठेवीतून १२० वर्षांत साधारण ८०० टन सोनं निघालं.

विजेची गोष्ट तर आपल्याकडे शाळेत सांगायला हवी. कावेरीवर शिवनसमुद्रला धबधब्यावर वीज तयार केली आणि १९०२ मध्ये ९२ मैल, म्हणजे १४८ किलोमीटर तारा ओढून केजीएफला आणली. त्या काळात जगातल्या सगळ्यात लांब विजेच्या लाइनींपैकी एक होती ती. बंगळूर शहरात विजेचे दिवे लागले १९०५ ला. म्हणजे तीन वर्षं राजधानी कंदिलावर आणि खाणीत लखलखाट. अर्थात लखलखाट कुणाकडे हे पण बघायचं, आधी मशीनरी, मग साहेबांचे बंगले, मजुरांच्या लाइनीत ती वीज कधी पोचली तो वेगळा विषय. पाण्याचं तसंच, पालार नदीवरच्या बेतमंगलाच्या तलावातून पाइपने खाणीला पाणी आणलं. आणि ह्याच घाईत १८९० च्या दशकात बॉरिंगपेट, म्हणजे आत्ताचं बंगारपेट, तिथून खाणीपर्यंत १० मैलांचा म्हणजे १६ किलोमीटरचा रेल्वेचा फाटा टाकला. बॉयलरचं जळण, लाकूड, लोखंड, यंत्रं आत न्यायला.

वीज खाणीसाठी आली, पाणी खाणीसाठी आलं, रेल्वे खाणीसाठी आली. खाण गेली. क्लब गेला, हॉस्पिटलची रया गेली, खाणीचा भोंगा बंद झाला. आज गाव चालतंय ते ह्या १६ किलोमीटर रुळावर. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी पत्र म्हणजे त्याची पुरवणी समजा.

आता आपला संबंध काय असं कुणी विचारेल. संबंध एक नाही, तीन आहेत.

एक म्हणजे शहाजीराजे. बंगळूर, कोलार, होसकोटे ही त्यांची जहागीर. हे आपल्याकडे बहुतेकांना माहितीये म्हणून सोडतो.

दुसरा मुंबईचा. कुलाब्याच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चचे लोक १९५० च्या सुमारापासून ह्या खाणीत यंत्रं घेऊन उतरायचे. होमी भाभांच्या डोक्यातली गोष्ट. आकाशातून जे कॉस्मिक किरण येतात ते जमिनीत जसजसं खोल जावं तसतसे दगडात अडतात, मग इतक्या खोलवर गेल्यावर जे काही पोचतं ते फार थोडं आणि फार खास. श्रीकांतन, मेनन ही त्यातली मोठी नावं. आणि १९६५ मध्ये चॅम्पियन रीफमध्ये २ किलोमीटरहून खाली, जपानच्या ओसाका आणि इंग्लंडच्या डरहॅमच्या लोकांबरोबर मिळून ह्यांनी वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो, म्हणजे दगडातूनही आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण पकडले. जगात त्याच वेळी हे जमलं ते फक्त दक्षिण आफ्रिकेतल्या दुसऱ्या एका सोन्याच्या खाणीत. १९८० च्या दशकात प्रोटॉन फुटतो का हे बघायचा प्रयोग पण इथेच. आता सांगा, पर्यटनाच्या पानावर सिनेमातलं खोटं केजीएफ दोन कॉलम आणि हे एक ओळ पण नाही. मला त्यातलं शास्त्र काही फार कळत नाही पण कुलाब्याचे प्रोफेसर मजुरांबरोबर केजमध्ये, म्हणजे खाणीच्या पिंजऱ्यासारख्या लिफ्टमध्ये उभे राहून खाली जायचे हे चित्र मला आवडतं.

तिसरा संबंध नागपूर-चंद्रपूरच्या माणसाला जास्त जवळचा. अयोथी दास पंडित म्हणून मद्रासचे, त्यांनी १८९८ मध्ये सिलोनला जाऊन बौद्ध धम्म घेतला आणि मद्रासला शाक्य बौद्ध संघ काढला. त्याची शाखा मारिकुप्पमला होती, खाणीतल्या मजुरांनी चालवलेली. म्हणजे आपल्याकडे १९५६ ला दीक्षाभूमीवर जे झालं त्याच्या पन्नासेक वर्षं आधी ह्या खाणीतले दलित मजूर बुद्धवंदना म्हणत होते, वाचनालय चालवत होते, तमिळमधून छापत होते. १९५४ मध्ये बाबासाहेब स्वतः केजीएफला येऊन गेले. पुढे रिपब्लिकन पक्षाचे आमदार इथून निवडून आलेत, कर्नाटकात दुसरीकडे कुठे असं झटकन आठवत नाही. लाइनींमधून फिरताना निळा झेंडा आणि बाबासाहेबांचा पुतळा दिसला की मला एकदम घुग्गुस-बल्लारपूरलाच आल्यासारखं वाटतं. आपल्याकडून बसेस भरून लोक दीक्षाभूमीला, चैत्यभूमीला, बोधगयेला जातात, केजीएफला कुणी जात नाही, कारण कुणी सांगतच नाही.

खाण बंद कशी झाली ते थोडक्यात. स्वातंत्र्यानंतर १९५६ ला म्हैसूर सरकारने घेतली, १९६२ ला केंद्राने, १९७२ ला भारत गोल्ड माइन्स लिमिटेड कंपनी केली. सुरुवातीला टनामागे ४०-४५ ग्रॅम सोनं देणारा दगड शेवटी ३ ग्रॅमवर आलेला, आणि तो पण ३ किलोमीटर खालून उचलायचा, हिशोब बसणार कसा. २८ फेब्रुवारी २००१ ला कुलूप लागलं. तेव्हा साडेतीन हजारांच्या वर कामगार होते. कोर्टकचेऱ्या झाल्या, खाण परत उघडणार अशा बातम्या दर निवडणुकीला येतात. आमच्या खाणकामातल्या कुणालाही विचारा, पंप बंद झाले की खाण पाण्याने भरते, आणि एकदा भरली की परत उपसून उघडणं म्हणजे नवी खाण खणण्याइतकं महाग पडतं. त्यामुळे खालच्या सोन्याच्या गप्पा मी मनावर घेत नाही.

वरच्या डोंगरांची गोष्ट वेगळी. दगड दळून सायनाइडने सोनं काढलं की जो गाळ उरतो त्याचे हे ढीग, १३ ढीग, मिळून ३.३ कोटी टन. त्यात थोडं सोनं शिल्लक आहे म्हणून ते परत काढायचं केंद्राचं ठरतंय आणि २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने त्याला होकार पण दिला. होईल तेव्हा होईल. तोवर उन्हाळ्यात वारा सुटला की ती बारीक पूड गावभर उडते, ताटात पडते, पोरांच्या नाकात जाते. आमच्याकडे ओबीचे, म्हणजे कोळशावरच्या मातीचे डोंगर आहेत त्याच्यावर निदान बाभळी उगवतात, ह्याच्यावर धड गवत पण येत नाही. लोक वर चढून रील बनवतात. सिनेमावाले गाणी काढतात. मी एवढंच म्हणेन की लहान पोरांना घेऊन वर चढू नका.

भारत अर्थ मूव्हर्स, बीईएमएल, १९६४ मध्ये निघाली, तिचा मोठा कारखाना केजीएफलाच आहे. डोझर, एक्सकॅव्हेटर तिथे बनतात. आपल्या वणी-माजरीच्या ओपनकास्टमध्ये पिवळ्या रंगाचं जे धूड माती ढकलताना दिसतं त्यावर बीईएमएल लिहिलेलं असतं बघा. सोन्याची खाण बंद पडलेल्या गावात बनलेलं मशीन आमच्या खाणी खणतंय. पण तो कारखाना सगळ्या गावाला पुरत नाही, पुरणार पण नाही.

आजूबाजूचा मुलूख बघायला चांगला आहे, उगाच ढिगाऱ्यांचेच फोटो काढू नका. काळ्या गोल खडकांच्या टेकड्या, मधेमधे तलाव, रागी, तुती, आंबे. बारमाही नदी नाही म्हणून पाण्याची ओरड कायमची, बंगळूरचं सांडपाणी शुद्ध करून कोलारच्या तलावात सोडायची योजना सरकारने २०१८ पासून चालू केली त्यावर तिथे दोन मतं आहेत. कोलारचा टोमॅटो तुमच्या-आमच्या बाजारात पण येतो, भाव पडला की तिकडचा शेतकरी पण आपल्या नारायणगाववाल्यासारखाच रस्त्यावर ओततो. कम्मसंद्रला कोटिलिंगेश्वर आहे, १०८ फुटी शिवलिंग आणि भोवती अंगणभर लहान-मोठी लिंगं, केजीएफहून जवळ. कोलार शहरात कोलारम्मा आणि सोमेश्वराची जुनी देवळं, ती मात्र खरंच बघण्यासारखी, कोटिलिंगेश्वर हवशांसाठी.

जायचं कसं हे त्या लेखात 'बंगळूरहून टॅक्सीने' एवढंच होतं. अहो, टॅक्सी काहून? बंगळूरहून मारिकुप्पमच्या थेट गाड्या आहेत, नाही मिळाली तर चेन्नईकडे जाणारी कुठलीही बंगारपेटला थांबणारी गाडी पकडा आणि तिथून फाट्याची मेमू किंवा बस. बसेस कोलारहून, बंगारपेटहून भरपूर. रस्त्याने अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. बंगळूर-चेन्नई एक्स्प्रेसवेचा होसकोटे ते बेतमंगला हा कर्नाटकातला साधारण ७० किलोमीटरचा भाग २०२४ च्या शेवटाला वापरात आला, त्यामुळे कारवाल्यांची सोय झाली. पण पहाटे चारला उठून हाउसकीपिंगच्या ड्यूटीवर जाणाऱ्या बाईला एक्स्प्रेसवेचा काय उपयोग, त्यावर दुचाकीला पण परवानगी नसते.

तिच्या कामाचं जे आहे ते म्हणजे मारिकुप्पम ते कुप्पम. बघा, हा फाटा मारिकुप्पमला जाऊन संपतो, पुढे रूळ नाही, गाडी आली की तोंड फिरवून परत. पुढे आंध्रातलं कुप्पम, ते बंगळूर-चेन्नई मेन लाइनवरच आहे. मधलं अंतर २४ किलोमीटरच्या आसपास. ते जोडलं की केजीएफ शेवटचं स्टेशन न राहता वाटेतलं स्टेशन होतं. लाइन मंजूर होऊन कितीतरी वर्षं झाली, थोडं कर्नाटकात थोडं आंध्रात, जमीन, पैसा, कंत्राटदार, नेहमीचं रडगाणं. सोन्याच्या ढिगाऱ्यासाठी फायली पळतात आणि २४ किलोमीटरच्या रुळाला पाय फुटत नाहीत.

शेवटच्या स्टेशनाचं वाटेतलं स्टेशन झालं की काय होतं हे वरोऱ्याच्या माणसाने नाही सांगायचं तर कुणी. आमच्या तरुण पोरांना वरोरा म्हणजे आनंदवन एवढंच माहीत, ते तर भूषणच आहे, पण त्याच्या आधी वरोरा खाणीचं गाव होतं. १८७० च्या दशकात इंग्रज सरकारने इथे कोळशाची खाण काढली आणि तो कोळसा न्यायला वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे टाकली. तेव्हा ही पण अशीच एक शेपटी, वरोऱ्याला येऊन संपणारी. १९०६ मध्ये खाण बंद झाली. तेव्हा जर रूळ पण उखडले असते तर आज वरोरा कुठे असतं सांगता येत नाही. पण बल्लारपूरला कोळसा लागला म्हणून लाइन पुढे बल्लारशापर्यंत गेली आणि १९२९ मध्ये बल्लारशा-काझीपेट जोडलं गेलं, आणि आमची ती कोळशाची शेपटी दिल्ली-मद्रासची मेन लाइन झाली. आज संघमित्रा एक्स्प्रेस आमच्या घराजवळच्या रुळांवरून जाते ती चेन्नईवरून बंगारपेट पार करून बंगळूरला पोचते. म्हणजे वरोऱ्याच्या कोळशासाठी टाकलेला रूळ आणि कोलारच्या सोन्यासाठी टाकलेला रूळ आज एकमेकांना जोडलेले आहेत, मी घरातून निघून मारिकुप्पमपर्यंत सबंध रेल्वेने जाऊ शकतो. ही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची कमाई आहे, आपण त्यात भर काय घातली?

उमरेडचं बघा. नागपूर-उमरेड-नागभीड नॅरोगेज, छोटी गाडी, हळू चालायची, पण भाजीवाल्या, दूधवाले, कॉलेजची पोरं तिच्यावर होती. २०१९ च्या नोव्हेंबरात ब्रॉडगेज करायचं म्हणून बंद केली. ब्रॉडगेज व्हायलाच पाहिजे होतं त्यात वाद नाही, पण एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली तोवर लोक बसने आणि जीपने लोंबकळत राहिले. उमरेडला कोळशाची खाण आहे. खाण काही जन्मभर पुरत नसते, आमच्या सर्व्हेच्या नकाशावर तर ती कुठे संपते ती रेघ पण काढलेली असते. नोकरीत असताना ती रेघ मी स्वतः काढलीये. त्या रेघेच्या पलीकडे गावाचं काय, हे मात्र कुठल्याच नकाशावर नसतं.

आणि विदर्भात कोळशाच्या सायडिंगा, म्हणजे खाणीत वॅगन भरायला टाकलेले रूळ, किती आहेत ते जाऊन बघा. रात्रंदिवस वॅगन भरून जातात. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माणसाला बसायला गाडी नाही. खाण संपली की सायडिंग भंगारात काढायची हा रिवाज आहे, रूळ उचलून नेतात, जमीन पडून राहते, मग अतिक्रमण होतं, मग दहा वर्षांनी कुणीतरी म्हणतं की इथे रेल्वे हवी होती. केजीएफला ती लाइन उखडली गेली नाही ह्यात कुणाची दूरदृष्टी होती असं पण मला वाटत नाही, गाडी आधीपासून पॅसेंजरची होती, माणसांनी भरलेली होती, म्हणून ती बंद करायची हिंमत झाली नाही एवढंच. आपल्याकडे पॅसेंजर गाड्या आधीच कमी, लहान स्टेशनांवरचे थांबे मागावे तेव्हा मिळत नाहीत, मग बंद करताना कुणाला कुणाची भीती वाटणार.

त्यामुळे संपादक साहेब, माझी विनंती आहे ती अशी. केजीएफचा लेख छापलात तर छापलात. आता एक मालिका आपल्या गावांवर करा. उमरेड, वणी, माजरी, घुग्गुस, बल्लारपूर, राजुरा. प्रत्येक गावाचं विचारायचं की खाण अंदाजे कधीपर्यंत चालेल, सायडिंग कुणाच्या मालकीची, तिच्यावर आज माणसांची गाडी चालते का, नसेल तर का नाही, आणि खाण मिटल्यावर ते रूळ कुणाकडे जाणार. ही माहिती खाणीच्या ऑफिसात आणि रेल्वेच्या डिव्हिजनला कागदावर असते, मागितली तर मिळते, मिळाली नाही तर तुमच्यासारख्यांनी माहितीच्या अधिकारात मागावी. आमच्यासारख्या रिटायर्ड माणसांना हाताशी घ्या, नकाशे वाचून द्यायला मी फुकट तयार आहे, चहा तेवढा पाजा. आणि ह्या गावांमधून नागपूर-चंद्रपूरला रोज जाणारे लोक मोजा, एसटी, काळीपिवळी, मोटारसायकल सगळं मिळून, कारण रेल्वेवाले म्हणतात पॅसेंजर नाहीत आणि लोक म्हणतात गाडी नाही म्हणून आम्ही तिकडे जात नाही, हा वाद आकडा हातात असल्याशिवाय मिटणार नाही.

आपला,
एक जुना वाचक आणि निवृत्त खाण कर्मचारी,
वरोरा, जि. चंद्रपूर